तिसरा कौल

वळसंगहून सोलापूरला निघालेल्या एसटीत मालतीबाईंनी तिकीट पर्समध्ये टाकलं आणि डोळे मिटले. शाळेतली नोकरी संपल्यापासून त्यांना गाडीत बसल्या बसल्या झोप लागायची. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या धनगर जोडप्यानं आज ती लागू दिली नाही.

"दोन लाख देत हुता व्यापारी. एका मेंढ्याचं."

"देव नगं म्हनला, गोजे. देवाम्होरं दोन लाख काय?"

मालतीबाईंचे हात आपोआप जुळले. "आजोबा, एवढी श्रद्धा आता कुठं बघायला मिळते?"

"कौल लावला, बाई. देवाच्या दोन खांद्यांवर दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर इकायचं, डावं पडलं तर न्हाय. डावं पडलं. इषय संपला."

"कुटला संपतोय? तीनदा लावला की."

"देवाला आदी नीट ऐकू आलं नसंल."

"आन् तिसऱ्या खेपंला हेनी एक फूल पान्यात बुडवून घट्ट चिकटवलं. दुसरं कोरडंच ठिवलं, आपल्या उजव्या हाताचं. लगीच पडावं म्हनून."

"मग पडलं का?" मालतीबाईंना राहवलं नाही.

"पडलं की. पर हे देवाकडं तोंड करून हुबं. ह्यांचं उजवं, ते देवाचं डावं."

"म्हनून सांगतो, बाई, देवाम्होरं आपली हुशारी चालत न्हाय. इश्वास ठिवावा."

"ठिवा की. ऐतवारी परत जायचंय. ह्या येळंला फुलं मी लावते."