माहेरच्या नावावरचा बोजा

हासू नका, पण त्या दिवशी माही नोकरीच जात होती. विहिरीवर डिझेल इंजिनं नवीनच येऊन राहिले होते. मी अकोल्याले बँकेत कारकून. बाळापूरच्या अनसूयाबाईले इंजिनासाठी वावर गहाण ठेवाचं होतं. मी रजिस्ट्री कचेरीत त्याईच्या नावानं नोंदी पाह्यल्या अन् बिनधास्त लिहून टाकलं, 'वावरावर बोजा नाही.'

सायेब सही करणार, तं अनसूयाबाईच म्हणे, "काहो बाबू, माहेरच्या नावानं पाह्यलं का? माह्या बापानं ते वावर माह्या नावानं केलं, अन् माह्याच लग्नाच्या खर्चापायी गहाण ठेवलं. तवा मी चंद्रभागा होती!"

पाह्यलं, तं चंद्रभागेच्या नावानं बोजा उभाच!

सायेब कडाडले, "लग्नात बाईचं नाव बदलते, हे ठाऊक नाही तुले? तुयं काय लग्न झालं नाही?"

घरी येऊन बायकोले म्हटलं, "आतापासून दरेक बाईले माहेरचं नाव पयले इचारीन."

तिनं चहाचा कप देता देता मागं घेतला. "मंग माहं काय होतं, सांगा बरं?"

लग्नाले दोन वर्सं झाले होते. मी म्हटलं, "थांब, कचेरीत पाहून सांगतो."