वरचे दोन दात

सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका पौर्णिमाताई, मंचावर बसलेले संस्थेचे सचिव आणि सरांचे जुने विद्यार्थी साजिद सर, सर्व शिक्षकवृंद, अमरावतीच्या या उन्हात सभागृह भरून टाकणारे माजी विद्यार्थी, आणि आज निवृत्त होत असलेले विज्ञानशिक्षक, माझे सख्खे मामा, चंद्रभान सर, सर्वांना नमस्कार.

मी डॉ. आकांक्षा. अकोल्यात लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. भाची डॉक्टर आहे, दोन गोड शब्द बोलेल, म्हणून आयोजकांनी मला बोलावलं. त्यांचा यात काही दोष नाही.

साजिद सर आत्ता म्हणाले, "तपासून पाहिल्याशिवाय काही मानू नका, हे आम्हाला सरांनी शिकवलं." टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पण सरांनी स्वतः न तपासता मानलेली एक गोष्ट माझ्याशिवाय कोण सांगणार?

मी आठ महिन्यांची असताना मला खालच्याऐवजी वरचे दोन दात आधी आले. काही बाळांना येतात. त्यात आजार नाही की अवलक्षण नाही. आपल्याकडे मात्र अशी भाची मामाला जड समजतात, मामाने तिचं तोंड पाहू नये म्हणतात. मामा तेव्हा नुकतेच या शाळेत लागले होते. ते अकोल्याला आले, आमच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले आणि आईला म्हणाले, "आशाताई, पोरीचे ते दात काढून टाक. मंग येतो मी भाऊबीजेले. तोवर माही वाट पाहू नोको."

आईचे आईवडील गेलेले. हा भाऊ हेच तिचं माहेर. तिने बाजारातल्या दात काढणाऱ्याला घरी बोलावलं आणि मला मांडीत घट्ट धरलं. मामा त्या वर्षी भाऊबीजेला आले. साडीही आणली होती म्हणे.

दुधाच्या दाताखाली पक्क्या दाताचा अंकुर असतो. सर, ही आकृती तुम्ही दरवर्षी फळ्यावर काढायचात. माझे अंकुर त्या दिवशी दुखावले. नवव्या वर्षी दात आले ते वाकडे, तपकिरी. शाळेच्या एकाही फोटोत मी हसलेली नाही. त्या दातांमुळेच तू डॉक्टर झालीस, असं कुणी कौतुकानं म्हणालं की मला संताप येतो. दात धड असते तरी मी डॉक्टर झालेच असते.

गेल्या महिन्यात शेंदूरजनाघाटचं एक जोडपं नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आलं. तेच दात, तीच मागणी. मी नकार दिला. बाळाची आई म्हणाली, "मॅडम, मंग माहा भाऊ येईन का घरी?"

सर, सत्काराला उत्तर द्यायला तुम्ही आता उभे राहाल. तेव्हा एवढंच सांगा. खरं काय ते तुम्हाला माहीत होतं ना? माहीत असून घाबरलात, तर तसं या विद्यार्थ्यांसमोर म्हणा. भीती कुणालाही वाटते. तुमच्या भीतीपायी दुखलं मात्र मला.

बोलायची संधी दिलीत, आयोजकांचे आभार. शब्द तिखट गेले असतील तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. तिसऱ्या रांगेत माझी आई बसली आहे. निघताना म्हणाली होती, "त्याले काई बोलू नोको वं. मले एकच माहेर हाये." आई, ते मी आज मोडलं. त्याबद्दल तुझी माफी मागते. तू माझी अजून कधी मागितलेली नाहीस.