बारा बायका, बारा स्वर

माननीय अध्यक्ष पुरुषोत्तमकाका, व्यासपीठावरच्या पाहुण्या अर्चनाताई, सत्कारमूर्ती चिरंजीव यतीन, आणि मिल्टन कीन्सच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी खजिनदार म्हणून हिशेब. शाल पुण्याहून आली, नारळ लूटनहून. मिळून एकोणतीस पौंड. वर्गणीतल्या उरलेल्या पैशांत बटाटेवडे केलेत. ते गार व्हायच्या आत बोलणं संपवते.

यतीन एडिनबराला युनिव्हर्सिटीत संगीत शिकवायला चालला. आनंद आहे. मी मॅट्रिक, मला त्यातलं कळत नाही. पण आमच्या भजनी मंडळाला त्याने आर्नोल्ड शोनबर्ग हे ऑस्ट्रियन संगीतकार समजावले, ते ध्यानात आहे. बाराही स्वर सारखे. बाराच्या बारा येऊन जाईपर्यंत झालेला स्वर पुन्हा घ्यायचा नाही. आपल्या षड्जासारखं परतायला घर नाही. असेल बाई. देवाने माणसं नाना तऱ्हेची केली, तसे कानही.

पण स्वर सारखे करायचे, तर बायका कशाला सारख्या करायच्या? दत्तजयंतीला याने बारा जणींना एकेक स्वर वाटून दिला, प्रसादाचा पेढा वाटावा तसा. मंजिरीताईंनाही एकच. ज्यांनी इतकी वर्षं दर गुरुवारी भजन उचललं, त्यांना! त्या हसून म्हणाल्या, "नंदा, दत्ताला तोंडं तीन, आणि मला स्वर एक." तरी तालमीला आल्या.

कार्यक्रमात दत्ताचं नाव आलं आणि त्यांच्या गळ्यातून आपसूक जुनी चाल निघाली. हॉल डोलायला लागला. तेव्हा यतीन माइकवर काय म्हणाला? "स्टॉप, स्टॉप! मंजिरीताई, तुमचा स्वर झालाय. आता गप्प." लोक हसले. तुम्हीच हसलात. बारा जणी सारख्या, तर माइक एकट्याच्या हातात कसा? हेही शोनबर्गांनीच सांगितलं होतं का रे?

त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं. घरच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतात. ग्रुपमधून नाव काढलं, फोन घेत नाहीत. आज चला म्हणायला घरी गेले, तर म्हणाल्या, "माझं झालं गाऊन."

पाहुण्यांचे, किचनमध्ये राबलेल्यांचे आभार. माझं बोलणं कडू लागलं असेल, तर कारल्याची भाजी समजून पोटात घाला.

यतीन, तिथे पोचलास की मंजिरीताईंना स्वतःच्या हाताने पत्र लिही. चुकलो, भजन तुम्हीच उचला, एवढंच. ईमेल नको, त्या उघडत नाहीत. आणि लिहिलंस की नाही, ते मला उलट टपाली कळव. गुरुवारी त्यांना बोलवायला कोणत्या तोंडाने जाऊ, ते मला ठरवायचंय.