बर्फातल्या माशाचं बारसं

हॅलो?… हॅलो… कोण, बंडू?… अरे मोठ्यानं बोल, मी अक्का… हिंगोलीहून न्हाई तर कुठून, तूच लावलास ना फोन?… हां, आता येतंय ऐकू. बोल.

… कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातच आहे. काल तुझी तार भेटली, तर ह्यांनी मालकांना विचारून ठेवलं, मेव्हण्याचा फोन येऊन राहिला मुंबईहून म्हणून… हो, हो, मालक समोरच बसलेत, दारात त्यांचे पहारेकरी शंकरसिंग. मुंबईहून निजामाच्या मोगलाईत फोन लागला याचंच नवल करून राहिले.

… कालिंदी? ही काय, बाजूला उभी आहे, पोरगी खांद्यावर… न्हाई घेणार ती फोन. अरे, मालक बसलेत, हे उभे आहेत, नवऱ्याशी कशी बोलेल ती इथं?… तब्येत चांगली आहे. शेपूची भाजी, खारकेची खीर, सगळं केलं. तिला माहेर न्हाई म्हणून काही कमी पडू दिलं न्हाई मी… सांगायचं नसतं, पण सांगते.

… पोरगी तुझ्यावरच गेली. नाक सोडून. नाक तिच्या आईचं आहे, बरं झालं.

… नाव काहून ठेवू? तू येईपर्यंत पाळणा बांधणार न्हाई, असं पत्रात कळवलं होतं ना तुला?… हो, बारावा दिवस गेला, सव्वा महिना बी गेला. शेजारची रुख्मिणीबाई रोज दारात येऊन विचारते, बाप दर्यात आन् पोरगी बिनानावाची, असं कुठं असतं व्हय… विचारू दे. आमी छकुली म्हणतो. तू ये, मग ठेवू. कधी निघतोस?

… हॅलो?… काय म्हणलास?

… परत? कुठं परत?… अरे, आत्ताच आलास ना त्या बर्फाच्या समुद्रातून… जहाज गोदीत दुरुस्तीला आहे, ते समजलं. दुरुस्त झालं की लगेच?… आन् साहेबाला आज संध्याकाळी सांगायचं, जातो की न्हाई ते… हां.

… अरे ऐक ना. नकाशाचं काय अडलं तुझ्यावाचून?… थांब, मला नीट समजू दे. इथं मी सगळ्यांना सांगितलं, बंडू समुद्राची पहाणी करून राहिला, पटवारी शेताची करतो तशी. तर बाया मलाच विचारतात, मासे काय एका जागी बसतात व्हय, नकाशात काढायला?… बसतात?… असं… खाली चिखल कुठं, दगड कुठं, बर्फाखाली कोण राहतं, खोल पाण्यात कोण… हां, बराबर. आपल्या कयाधूत बी मरळ चिखलात आन् वाम दगडाखाली. भोयांच्या पोरांसंग डोहात उतरत होतास आन् बाबांचा मार मी चुकवत होते… म्हणजे अजून तेच करतोस. फक्त पाणी गार.

… चेष्टा न्हाई रे. अभिमान वाटतो मला. खरंच वाटतो.

… नवा मासा? कुणालाच ठाऊक नव्हता?… तुलाच सापडला?… रगत पांढरं? पाण्यावानी?… आन् तरी जगतो?… कालिंदी, जगतो म्हणे.

… काय? मी?… माशाचं नाव मी ठेवू?… सापडला त्यानं सुचवावं म्हणला साहेब… आन् तू म्हणतोस, लेकरू माझं, तर मान आत्याचा… अरे, काय बोलतोस. मालक, हा म्हणतो मी एका माशाची आत्या झाले… सगळे हसून राहिले इथं. आन् कानात कुर्र केल्यावर माझ्या पाठीत धपाटे कोण घालणार? तुझा साहेब?

… कसा सापडला ते सांग… दगडाला चिकटलेली अंडी… आन् वर राखण करत बसलेला… बाप? आई न्हाई, बाप?… दगडासकट जाळ्यात आला तरी हलला न्हाई?… जहाजावर हौदात ठेवला तरी?… खाणंपिणं सोडून…

… बंडू.

… मी काही बोलले न्हाई. तूच सांगितलंस… न्हाई, टोमणा न्हाई मारून राहिले… बरं, मारून राहिले.

… ऐक. जाऊ नको म्हणत न्हाई मी. जा. काम तुझं आहे, तूच पुरं कर. पण आधी घरी ये, हिला बघ, मग जा. मला तुझी लई आठवण येते. कालिंदी बोलत न्हाई, पण मला दिसतं ना… दुरुस्तीला वेळ आहे म्हणतोस, मग काहून न्हाई येत?…

… एकदा पोरीला पाहिलं तर पाय निघणार न्हाई… असं आहे व्हय. वेड्या.

… हां, थांब, माशाचं नाव सुचलं मला… आत्ताच… चांगलं आहे… न्हाई, सांगणार न्हाई. नाव काय ओरडून सांगतात? कानात सांगायचं असतं… काय?… फोन कानालाच आहे?… हे मात्र बराबर बोललास.

मग असं कर. कालिंदी, दे तिला इकडं… बंडू, मी फोन छकुलीच्या कानाला लावते. तिचं नाव तू सांग… मान माझाच आहे, ठाऊक आहे मला. आज तुला दिला… हळू सांग, लेकराचा कान आहे. आधी कुर्र म्हण… शंकरसिंग, ते दार लावा, जिनचा आवाज येतो… हां, लावला बघ कानाला. सांग.

… हलू नको गं बाई… बघ, डोळे कसे मोठे केले… हसली… कालिंदी, तू हसून राहिली का रडून?…

… हॅलो? झालं सांगून?… थांब, थांब, मला नको सांगू… कुणालाच ऐकू आलं न्हाई, हिच्या आईला बी न्हाई. नाव तुला ठाऊक आन् छकुलीला ठाऊक, आन् ती काही इतक्यात बोलत न्हाई… पत्रात लिहिशील तर मी पत्र फोडणार न्हाई. माशाचं नाव माझ्यापाशी, पोरीचं तुझ्यापाशी, आता घरी येऊनच सांगायचं. साहेबाला सांग, घरी दोन लेकरांचं बारसं आहे.

… व्हय, लबाडच आहे मी… पाय न्हाई निघाला तर मी ढकलीन, मग तर झालं? गाडीत बसवून देईन… कोणत्या गाडीनं?… उद्याच? मनमाडला बदल, पूर्णेला बदल, झोपून राहू नको. हे येतील स्टेशनावर… हो, घुगऱ्या करते…

… रडतो काहून रे?… हां… हां… ते तिला तू येऊन सांग… हॅलो?… हॅलो… बंडू?… गेला.

चल गं कालिंदी, येऊन राहिला तो… काय? माशाचं नाव?… कुठलं नाव, अजून सुचलंच न्हाई मला. चल, गाडी येईस्तोवर सुचेल काहीतरी.