टेप लावलेली खिडकी

(शनिवार दुपारचे बारा. नागावला कल्पिता स्वयंपाकघरात आहे, ओट्यावर फोन टेकवून नणंदेशी, राहीशी, व्हिडिओ कॉलवर बोलते आहे. राही दक्षिण कोरियातल्या एका लहान बंदराच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्याकडे साडेतीन वाजलेत, थंडी कडाक्याची आहे.)

कल्पिता : ...म्हणून तुझ्या मैत्रिणीला, अमिषाला म्हटलं, बाई, माझ्यासारखं नको करूस. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असली की दार बोटभर उघडं ठेव. मला आईंनी चारदा बजावलं होतं. मी म्हटलं, काहीतरीच, वाऱ्यानं बाळ शिंकेल. घातली कडी.

राही : मग?

कल्पिता : मग काय. कपाळाला कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं, नि उलटी. आईंनी दार ढकलून मला बाहेर ओढलं. स्वराज नऊ दिवसांचा होता गं. जाऊ दे. काल तुझा तो पालकांसमोरचा तास होता ना? कसा झाला?

राही : वर्गामागे बावीस आया उभ्या. हाताची घडी घालून. उत्तर कोण देणार, तर ही पोरं दगड-कागद-कात्री खेळतात. इथे सगळं त्याच्यावर ठरतं, फळा कोण पुसणार तेसुद्धा. एक पोरगा हरला नि रडायला लागला. त्याला बघून त्याची आई रडली.

कल्पिता : नि तू?

राही : मी दोघांना टिश्यू दिले. इंग्लिशमध्ये.

कल्पिता : वेडी! आणि मघापासून ते कपाळ काय चोळतेयस?

राही : ठणकतंय. आठवडाभर बोलून बोलून. दिवसाला सहा तास एकच वाक्य, 'व्हेअर इज द बँक?' ह्या गावात बँक एकच आहे वहिनी, सगळ्यांना माहितीये कुठे आहे.

कल्पिता : जेवलीस का?

राही : जेवायचंच चाललंय. शाळेत रोज तो स्टीलचा ट्रे, लालभडक सूप, नि समोर पहिलीतली पोरं माझ्या चॉपस्टिककडे बघत बसतात, आता पडणार, मग पडणार. आज सुट्टी. आज माझं जेवण. ओळख, काय भाजतेय?

कल्पिता : बोंबील? मी पाठवलेले?

राही : चौलच्या विनेशदादानं इथल्या शिपयार्डला परत येताना आणून दिले ना, तेच! भात लावलाय. नुसते बोंबील नि भात.

कल्पिता : इंडक्शनवर भाजलेस? रबर होतं त्याचं.

राही : म्हणून तर. सहलीला नेतात ती पत्र्याची शेगडी मिळते इथे, आत कोळसे असतात. काडी लावली की झालं. हे बघ. मस्त लाल झालेत. दिसतंय?

कल्पिता : दिसतंय. खोलीतच ठेवलीयस?

राही : मग कुठे? एकच तर खोली आहे.

कल्पिता : खिडकी उघडी आहे ना?

राही : अगं, तूच म्हणालीस गेल्या रविवारी. वास बाहेर जाऊ देऊ नकोस, खिडक्या लावून घे. मी चारी बाजूंनी टेप मारलीय. धूर ओढायचा पंखापण बंद, तो वास जिन्यात टाकतो.

कल्पिता : राही, खिडकी उघड.

राही : नाही हं. मागच्या वेळी वासावरून शेजाऱ्यांनी दारावर चिठ्ठी लावली. सोमवारी शाळेतल्या किम मॅडम माझ्याजवळ बसल्या, इतक्या हळू बोलल्या की मला आधी वाटलं कुणी गेलं. 'उपमुख्याध्यापक म्हणतात, इमारतीतले लोक...' पुढचं बोलल्याच नाहीत. फेब्रुवारीत करार वाढवायचाय माझा.

कल्पिता : खड्ड्यात गेला करार. उठ. टेप काढ.

राही : ओरडतेस काय? आधीच गरगरतंय.

कल्पिता : गरगरतंय? कधीपासून?

राही : काय कधीपासून?

कल्पिता : राही, माझ्याकडे बघ. मी अमिषाचं आत्ता काय सांगितलं तुला?

राही : कोण अमिषा?

कल्पिता : देवा. आई! आई, इकडे या! राही, दार. खिडकी राहू दे, दार उघड. चार पावलं आहेत.

राही : चपला... आतल्या चपला वेगळ्या, शाळेतल्या वेगळ्या. बाहेरच्या घालून आत नाही जायचं. पोरं ओरडतात.

कल्पिता : अनवाणी जा! रांगत जा!

राही : जरा आडवी होते वहिनी. भात झाला की उठव.

कल्पिता : झोपायचं नाही! राही! राही गं!

चंद्राबाई : काय झालं? पोरगी दिसत का न्हाय? नुसतं छतच दिसतंय.

कल्पिता : कोळसे आहेत आई. खोलीत कोळसे पेटवलेत नि सगळं बंद.

चंद्राबाई : अगो बाय माझे. तिला म्हाईत न्हाय व्हय? घरातच वाढली ना ती शेगडीशेजारी?

कल्पिता : आपल्या घराला कौलं आहेत आई, फटी आहेत. तिथे मुंगी शिरायला जागा नाही. आणि मी सांगितलं तिला लावून घ्यायला. मी. तुमचा फोन द्या, हा तोडायचा नाही. तुम्ही ह्याच्यात हाक मारत राहा.

चंद्राबाई : राही! ए राही! उठ गो बाय, दार उघड! आयशीला वो दे!

कल्पिता : उचला, उचला... हॅलो, विनेशभाऊ? चौलचे विनेश ना? मी नागावहून कल्पिता, राहीची वहिनी. तुम्ही तिच्या गावातच आहात ना?

विनेश : हां वहिनी, बोला ना. आज शिपयार्डला सुट्टी आहे, मच्छी मार्केटला आलोय. काय झालं?

कल्पिता : राही खोलीत कोळशाची शेगडी लावून बसली होती, खिडक्या टेपनं बंद. बोलता बोलता पडली. ओ देत नाही.

विनेश : बापरे. दहा मिनिटं लागतील मला. दाराला नंबरचं कुलूप आहे, कोड माहितीये?

कल्पिता : नाही हो. तिथली ॲम्ब्युलन्स कशी बोलवायची?

विनेश : एकशे एकोणीस. फायर ब्रिगेडचा नंबर, ते दार फोडतात, ॲम्ब्युलन्सपण त्यांचीच. पण वहिनी, गाडी आली की पूर्ण बिल्डिंग गोळा होणार, शाळेत फोन जाणार. राहीनं मला हात जोडून सांगितलं होतं, काही झालं तरी तिच्या शाळेत...

कल्पिता : कळू दे शाळेत. तक्रार होऊ दे. परत पाठवू देत तिला. मी विमानतळावर येते घ्यायला. तुम्ही आत्ता फोन लावा.

विनेश : लावतो. पळतच निघालो बघा.

चंद्राबाई : कल्पिता, आवाज येतो का बघ गो. मला काय ऐकू येत न्हाय. श्वासाचा येतो का?

कल्पिता : कुकरची शिट्टी येतेय आई. दुसरं काही नाही... विनेशभाऊ, ठेवू नका, एक मिनिट. दार उघडलं की तुम्ही एकदम आत शिरू नका, आधी हवा जाऊ द्या. शेगडी बाहेर काढायला सांगा. आणि मग तिच्यापाशी बसा, ती कशी आहे ते नीट बघा, आणि आईंना नको, मला सांगा. जे असेल ते सांगा.