दुकान वाढवायचं म्हनले मी

आमी मूळचे बिदरकडचे. मणियार, बांगड्यावाले. माझे सासरे खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून उदगीरला आले तवा त्यायला मराठी येत न्हव्हती, कानडीत बळेऽ बळेऽ ओरडत गल्लीनं फिरायचे, कानडीत बळे म्हंजे बांगडी, तर इथल्या बाया दारात येऊन हसायच्या, आरं बाबा, बळंच कशाला घालतूस म्हनायच्या, आन हसत हसत हात म्होरं करायच्या. असं गिऱ्हाईक जमलं बघा.

मग त्यायनी जागा घेतली. रस्त्याला लागून आधी दुकान, मग त्याच्या मागं घर, दोन्हीच्या मधी एकच मातीची भिंत, सासऱ्यानं सोताच्या हातानं घातलेली. दुकानातलं भांडण घरात येऊ न्हाई, घरातलं रडणं दुकानात जाऊ न्हाई म्हनायचे, म्हनून त्या भिंतीला दारच ठेवलं न्हाई. घरात जायचं ते मागच्या बोळातून. मी नवी नवरी, मला लई राग यायचा, सैपाक अर्धा टाकून बोळातून वळसा घालून दुकानात पळा, काय सांगू तुम्हाला.

मालक गेले तसं दुकानात मीच बसते. पोरगा लातूरला नोकरीला, सून नांदेडची, गुणाची हाय, झूट कशाला बोलू. पन औंदा गुडघे लईच धरले, बसलं की उठवंना. पोरगा म्हनायचा, अम्मी, ये इकडं. मग एक दिवस मन घट्ट केलं आन फोन लावला, सुनेनं उचलला. मी म्हनले, बेटा, त्याला सांग, आता दुकान वाढवायचं. आमच्या धंद्यात बघा, बांगडी फुटली म्हनत न्हाईत, वाढली म्हनतेत, तसंच दुकान बंद केलं म्हनत न्हाईत, वाढवलं म्हनतेत. वंगाळ बोलू न्हाई म्हनून. फोन ठेवला आन लई रडले. सासऱ्याचं दुकान माझ्या हातानं बंद व्हायलंय, ह्याच्यापरीस मरण बरं वाटलं.

आन सून काय समजली? अम्मीला दुकान मोठं करायचंय! मी भाचीच्या लग्नाला देगलूरला गेल्ते, चावी शेजारी, तर पोरानं मला खुश करावं म्हनून गवंडी धाडला. परत येऊन बघते तर भिंत गायब. या अल्लाह! रस्त्यावरून माझी खाट दिसायली. त्या गवंड्याला असं झापलं, असं झापलं, तर त्यो म्हनतो, मावशी, वाढवा म्हनूनच तर सांगितलं. मग सुनेला फोन. ती रडाय लागली, मग मी रडले, आन रडता रडता दोघींला हसूच फुटलं.

भिंतीच्या जागी पडदा लावला. म्हनलं, हाय तेवढा माल खपवू आन जाऊ लातूरला.

तर एक दिवस मागच्या बोळातून गल्लीतली नर्सबाई आली. तरणी पोर, नवरा गेल्या साली वारला. खाटेवर बसली, पडद्याआडून बांगड्याकडं बघत म्हनली, मावशी, म्होरून यायला धीर होत न्हाई, लोकं बघतेत, हिला आता कशाला पायजेत म्हनतेत. मला निळ्या भरा. मी हात हातात घेतला. बांगडी सरकंना, हाताची सवयच मोडलेली, दाबत दाबत भरल्या.

आता आमच्यात रीत हाय, भरून झालं की बाई वाकून पाया पडते आन मी म्हनते, जल्माची सवाष्ण ऱ्हा. आयुष्यभर हेच म्हनत आले. ती वाकली आन सवयीनं मी तेच म्हनाया निघाले व्हते. काय म्हनू हिला? मग आपसूक निघालं, पोरी, तुझे हात भरलेले ऱ्हाऊ दे. ती वाकली ती उठंचना, तशीच रडायली.

पोराला सांगितलं, भिंत बांधू नको, आन मी काय येत न्हाई. आता तशा लई जणी येतेत मागच्या बोळातून. गुडघे दुखतेतच, खाटेवर बसूनच भरते, अल्लाह ठेवील तवर. कधी कधी गिऱ्हाईक नसलं की वाटतं, मालक गेले तवा मलाबी कुनीतरी असं म्हनाया पायजे व्हतं.