डॉक्टरले रिंग टेनिस दाखवलं तेव्हा

दवाखान्यात डॉक्टरले पेशंटसंग खेळतानी पाह्यलं काय कोणी? मी पाह्यलं. आमच्या ताईचा गुडघा बदलून वर्ष होत आलतं. तपासणीले मी तिच्यासंग यवतमाळले गेलतो. डॉक्टर म्हणाले, "चाला, सायकल चालवा, पोहा."

ताईनं विचारलं, "अन् रिंग टेनिस?"

"ते काय असतं?"

कॉलेजपासून खेळणारी ती, तिचा चेहराच उतरला. "तुमाले खेळच माहीत नाही, तर हो-नाही कसं सांगसान?" असं म्हणून तिनं पिशवीतून रबराची रिंग काढली.

डॉक्टरही उठले. टेबलाच्या अलीकडं ताई, पलीकडं डॉक्टर. रिंग एका हातानं झेलायची अन् लगेच परत फेकायची. डॉक्टरची नजर ताईच्या गुडघ्यावर होती, म्हणून पहिली रिंग त्यायच्या खांद्याले लागून पडली. दुसरीही हुकली.

"वळताना दुखतं का?"

"नाही जी. आतून जरा परका वाटते, इतकंच."

"मग खेळा. उडी मात्र मारायची नाही."

ताईचे डोळे भरून आले. मी दार उघडलं, तर बाहेर पेशंट ताटकळून बसलेले. तेवढ्यात मागून डॉक्टर म्हणाले, "दार लावा हो जरा. ताई, अजून एकदा टाका, मला एक तरी झेलू द्या."